कॅरिअरवरची कुरकुर

"या म्हशीयले काही कामधंदे नाहीत का? डाव्या अंगानं पसरून राह्यल्या, जसं काही बापाचं अंगण हाये."

सत्यभामा हे तेजरामच्या पाठीला सांगत होती. पाठीपलीकडे जाऊ नये इतक्या बारीक आवाजात, पण पाठीला नीट कळावं इतक्या स्पष्ट. तेजरामनं नुसतं 'हं' केलं, हँडल जरा उजवीकडे घेतलं आणि सायकल म्हशींच्या शेपट्यांना वारा घालत पुढे निघाली.

वैशाखाचं ऊन उतरायला लागलं होतं. उद्या बुद्धजयंती. नवराबायको गावाहून बालाघाटला लेकीकडे निघाले होते, नेहमीसारखे नहरीच्या पारावरून, कालव्याच्या बांधावरच्या वाटेनं. सडकेनं गेलं तर फेरा पडतो आणि ट्रकांची धूळ खावी लागते. पारावर धूळ आपल्या गावचीच असते.

हा पार सरकारनं बांधला तो साहेबांच्या जीपसाठी. लामता गावाच्या अंगानं येणारं पाणी कुठे फुटलं, कुठे मुरलं ते साहेबानं जीपमधून पाहावं म्हणून. जीप कधीतरीच येई. बाकी दिवस पार सगळ्यांचा. सायकली, बैलगाड्या, तेंदूपत्त्याची ओझी, बकऱ्या, पायी निघालेली वरात, आणि मसणवटीकडे जाणारं मढंसुद्धा. बालाघाट जवळ आलं की कचेरीतले लोक संध्याकाळी तिथे हवा खायला येत. घरची हवा सोडून इतक्या दूरची हवा खायची म्हणजे ती गोड असेल, असं गावातल्या बायका म्हणत.

एवढ्या सगळ्यांचा पार, तरी भांडणं क्वचितच. कारण पारावरचा कायदा सोपा होता. मागून येणाऱ्यानं आवाज द्यायचा आणि समोरून येणाऱ्यानं पाहायचं.

तेजरामचं अडत होतं ते त्या पाहण्यातच.

त्याची नजर कधी गेली हे कोणी सांगू शकलं नसतं, कारण ती गेली असं कोणी म्हणतच नव्हतं. आधी ती फक्त दिवेलागणीला कमी व्हायची. मग आभाळ भरून आलं की. मग उन्हातसुद्धा. त्याला काय दिसतं नि काय नाही हे सत्यभामेला अंदाजानंच ठाऊक होतं. उभा माणूस दिसे, तो हलला तर. बसलेली म्हैस दिसत नसे. खड्डा दिसत नसे. सुईचं नेढं तर केव्हाच दिसेनासं झालं होतं.

आणि तेजराम टेलर होता. जातीनं नव्हे, हातानं. छपन्न साली धम्म घेतल्यावर गावातली जुनी कामं सोडली, गोंदियाला जाऊन मशीन शिकून आला आणि पडवीत पाटी लावली. लग्नाचे कोट शिवायचा. हल्ली लोक उशांच्या खोळी घेऊन येत. "सीधी शिवण हाये तेजरामभाऊ, सावकाश होऊ द्या," असं म्हणत आणि सत्यभामेकडे न पाहता निघून जात. ती सीधी शिवणही वाकडी जाई. मग दुपारी तो लवंडला की सत्यभामा ती उसवून पुन्हा घालायची. जागा झाल्यावर तो शिवणीवरून बोट फिरवी आणि म्हणे, "पाह्य, हात बसला का कशी येते." ती म्हणे, "हौ."

मोतीबिंदू हा शब्द त्या घरात निघत नसे. तेजरामच्या बापाच्या डोळ्यांवर एका फिरत्या वैदूनं सुई फिरवली होती. डोळे धुतल्यासारखे होतील म्हणाला होता. म्हातारा मरेपर्यंत खाटेवर बसून, पाऊल वाजलं की 'कोण हाये' विचारत राहिला. तेजरामनं ते लहानपणापासून ऐकलं होतं. त्यामुळे डोळ्यांचं कोणी काढलंच तर तो मशीनला तेल घालायला उठे. त्या मशीनला बालाघाट जिल्ह्यात सगळ्यांत जास्त तेल मिळत असेल.

कुरकुरीचंही असंच झालं होतं. पहिल्यांदा सत्यभामा सरळच बोलली होती. "अवो, समोर गाडी हाये, बाजूनं घ्या." तेजराम खाली उतरला, हँडल धरून उभा राहिला. "मले दिसते," म्हणाला. त्या दिवशी घरी जाईपर्यंत बोलला नाही आणि घरी गेल्यावर जेवला नाही. तेव्हा तिला उमगलं की बायकोनं वाट दाखवली तर नवऱ्याचा मान जातो, पण बायकोनं वाटेच्या नावानं बोटं मोडली तर कोणाचंच काही जात नाही. बायको कुरकुरणारच, तिचा तो हक्कच आहे. मग ती खड्ड्याला शिव्या घालू लागली, बकऱ्यांच्या मालकाचा उद्धार करू लागली. "उजवीकडचं बाभूळ कोणी छाटत नाही, उद्या डोळ्यात जाईल कोणाच्या." "मोरीचा दगड निंगाला तं बसवाले हात झिजतेत लोकायचे." तेजराम ऐकून घेई, हँडल वळवी, आणि वर म्हणे, "किती बोलशील वो." पारावर तिला 'तेजरामची घंटी' असं नाव पडलं होतं. पडेना का. घंटीनं कधी कोणाचा पाय मोडला नाही.

आणि ती गप्प असली की वाट मोकळी. हे दोघांत कधी ठरलं नव्हतं, पण पक्कं होतं.

ती थकली होती, एवढंच. कॅरिअरचं लोखंड गोणपाटाची घडी टाकूनही हाडाला लागे. एका बाजूला बसून पाय मुंग्या येऊन बधिर होत. पण खरा थकवा डोळ्यांचा होता. दोघांपुरतं पाहायचं, तेही आपण पाहत नाही असं दाखवून. घसा कोरडा पडे. कधीकधी तिला वाटे, एक दिवस तरी कोणाच्या तरी मागे बसून नुसतं इकडेतिकडे पाहावं. मोहाची झाडं पाहावीत, पाण्यातले बगळे पाहावेत, आणि काही म्हणू नये.

आज तर पहाटेपासून ती लाडू वळत होती. कमलासाठी मेथीचे. कमलाचे दिवस भरत आले होते.

आणि याच एका गोष्टीनं सत्यभामेचा जीव कात्रीत धरला होता. कमलाची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला सत्यभामा तिच्याकडे गेली होती, पण दोन दिवस राहिली आणि परत फिरली. कोंबड्या आहेत, लग्नसराईची शिवण आहे, असं काहीतरी सांगून. खरं कारण घरी पडवीत मशीनपाशी बसलं होतं; त्यानं विहिरीवर एकटं जाऊ नये म्हणून तिनं किती आडून सांगितलं असेल. ती परतल्यावर कमला बाळंत झाली आणि बाळ राहिलं नाही. त्याचा हिच्या परतण्याशी संबंध नव्हता, दवाखान्यातल्या बाईनंही तसं सांगितलं होतं. कमलानं कधी दोष दिला नाही. पण त्यानंतर ती आईला 'राह्य' म्हणाली नव्हती. या खेपेला निरोप आला होता, जावयाकडून. 'मायले म्हणा, राहण्याच्या हिशोबानं ये.'

पिशवीत सत्यभामेनं दोन जास्तीची लुगडी भरली होती. मग एक काढून ठेवलं होतं. मग पुन्हा भरलं होतं. ती राहिली तर हा माणूस एकटा परत जाणार, याच पारावरून, सायकलवर. जाऊ नका म्हणायचं तर का ते सांगावं लागेल.

पुढे कोणीतरी फार मोठ्यानं खोकलं.

डोमाजीची बैलगाडी होती, बांबू भरलेली. त्यानं ती केव्हाच बाजूला घेऊन थांबवली होती. "जयभीम तेजरामभाऊ. डोमाजी हावो मी. गाडी घेऊन पाण्याच्या अंगानं उभा हावो."

"दिसून राह्यला नं बाप्पा. जयभीम."

"बैल पांढरे हायेत," डोमाजी उगाचच म्हणाला.

"मग का हिरवे राहतीन?" तेजराम म्हणाला. डोमाजी हसला, आणि सायकल जाईपर्यंत त्यानं बैलांच्या वेसणी हातात धरून ठेवल्या.

पुढे गेल्यावर तेजराम म्हणाला, "डोमाजी म्हातारा होऊन राह्यला. दरवेळी आपलं नाव सांगत बसते."

"हौ," सत्यभामा म्हणाली.

त्यापुढचा पार सरळ होता. उजवीकडे कापलेली धानाची बांधी, डावीकडे आटलेली नहर, मध्ये डबकी. मोहाचा वास येत होता, तो डोक्यात चढत होता. चाकांचा एकसारखा आवाज. तिनं डोळे मिटले ते फक्त उडत्या धुळीसाठी, एवढंच तिला आठवलं. गाल तेजरामच्या पाठीला टेकला. शर्टाला घामाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता. लांब कुठेतरी बायका गाणं म्हणत होत्या. छान वाटलं तिला. आपल्याला कोणीतरी कुठेतरी नेत आहे, असं पुष्कळ दिवसांनी वाटलं.

मग पाठ एकदम नाहीशी झाली.

ती उठून बसली तेव्हा तिच्या मांडीवर चिखल होता आणि लाडवाचा डबा उघडा पडला होता. नहरीतला गाळ काढून पारावर ढीग घातला होता, चांगला कमरेएवढा. सायकलचं पुढचं चाक त्यात रुतून वाकलं होतं. तेजराम हँडलवरून पलीकडे पडला होता. गाळात एक फावडं उभं खोचलेलं होतं. त्याचं पातं तेजरामच्या कानापासून वीतभर असेल. सत्यभामेनं ते पाहिलं. तिनं आधी फावडं उपटून लांब टाकलं, मगच नवऱ्याला हात दिला.

गाळ काढणाऱ्या बायका धावत आल्या. पुढे तुळसाबाई, त्यांच्यात वयानं मोठी, पदर खोचलेली. एकीनं पाणी आणलं, एकीनं तेजरामचं कोपर धुतलं. सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या.

"ब्रेक ढिला असन."

"हौ, मातीच भुसभुशीत हाये, चाक ऐकतच नाही."

"आमचंच चुकलं. रस्त्यात टाकते का कोणी गाळ. मुकादमाले कितीक खेपा म्हटलं."

"ऊन डोळ्यावर येते या वेळेले," एक तरुण बाई म्हणाली, आणि तुळसाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प बसून लाडू वेचायला लागली. ऊन पाठीमागे होतं.

"ब्रेकच," तेजराम म्हणाला. "मी केव्हाचा म्हणून राह्यलो, ब्रेक पाहाले पाहिजे."

"मग पाहून घ्या नं दादा," तुळसाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली.

तेजराम कपडे झटकत होता, तेव्हा तिनं सत्यभामेला लुगडं धुवायच्या निमित्तानं डबक्याकडे नेलं. "झोप लागलती का वो?"

सत्यभामेनं पदर पाण्यात बुडवला.

"तू आज बोलली नाही. म्हणून म्हटलं." तुळसाबाईनं तिच्या पदराचा चिखल हातांनी निपटून काढला. "तुमची सायकल दुरून दिसली का आमी गाणं लावतो. म्हणजे इथं माणसं हायेत हे समजते. आज अर्धं गाणं होऊन गेलं तरी सायकल आपली सीधी येऊनच राह्यली. मग वरडलो."

"कवापासून गाणं लावता?"

"मागच्या सालच्या गाळापासून."

सत्यभामा पदर पिळत राहिली. डोमाजीचा खोकला तिला आठवला. गुराख्याची पोरं सायकल येताना उगाचच ढोरांना हाका मारत, ते आठवलं. तिला वाटत होतं, एवढा मोठा माणूस आपण एकटीच कॅरिअरवर बसून झाकतो आहोत. आणि इथे अर्धा पार त्याच्यावर पांघरूण धरून उभा होता. तिला लाज वाटावी की हलकं वाटावं हे कळेना. दोन्ही वाटलं. आणि मग फक्त दमल्यासारखं वाटलं.

चाक वाकलं होतं, तेव्हा पुढची वाट पायी. सत्यभामेनं हँडल धरलं आणि सायकल ढकलू लागली. तेजराम मागे चालत होता. त्याचा हात कॅरिअरवर होता, पिशवी पडू नये म्हणून धरल्यासारखा. दोरीनं बांधलेली पिशवी पडणार नव्हती.

पायी चालताना बोलायचीही गरज नव्हती. ती जिथून जाईल तिथून कॅरिअर जाई, आणि कॅरिअर जाईल तिथून तो. तापलेल्या मातीतून वाफ येत होती. त्याचं एक पाऊल लंगडत होतं, तिला ते मागे न पाहता कळत होतं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "झोपली होती का?"

"नाही." मग ती म्हणाली, "हौ."

"मग सांगाचं नाही का, झोप येऊन राह्यली म्हणून?"

"सांगतलं असतं तं काय केलं असतं?"

त्यावर तो चालत राहिला. तिला वाटलं, आता म्हणेल. आता दोघंच आहोत, पुढेमागे कोणी नाही. तिनं पावलं हळू केली. त्यानं घसा साफ केला.

"ब्रेकचं पाहाले पाहिजे," तो म्हणाला.

"हौ," ती म्हणाली.

बालाघाटचं टोक आलं तशी माणसं दिसू लागली. धुतलेल्या कपड्यांची, हात मागे बांधून रमतगमत चालणारी. या माणसांना बाजू देणं ठाऊक नव्हतं. चिखलानं भरलेलं जोडपं आणि वाकडी सायकल पाहून ती आपोआप सरकली, इतकंच. पुढे सडकेच्या अलीकडे मोरीच्या कठड्यापाशी कमला उभी होती. दवाखान्यातल्या बाईनं रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर पारावर येई. शिवाय आज आईबाप येणार होते. भोजराज तिच्यामागे हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तांदळाच्या गिरणीत काम करून आलेला, भुवयांपर्यंत कोंडा.

"अवो माय, हे काय झालं?" कमला पुढे आली. पोट सांभाळत ती दोन्ही हातांनी बापाचं कोपर पाहू लागली.

"काही नाही वो. ब्रेक ढिला होता," तेजराम म्हणाला.

"गाळाचा ढीग होता," सत्यभामा म्हणाली.

भोजराजनं वाकून सायकल पाहिली. ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी घट्ट बसलं. त्यानं एकदा सासूकडे पाहिलं आणि ब्रेक सोडून दिला. "हौ, मामाजी," तो म्हणाला. "ढिलाच दिसते. मी उद्या मिस्त्रीले दाखवतो."

कमलाला दम लागला होता. ती मागे होऊन मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली. तिचा चेहरा सुजला होता, पावलंही. सत्यभामा तिच्याजवळ गेली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताला अजून मातीचा वास होता.

"माय," कमला म्हणाली, "या खेपेला राहाशील नं?"

"पाहू बाई."

"पाहू म्हणजे?"

"कोंबड्या हायेत. सुताराच्या घरचं लगीन हाये, त्यायचे कपडे हायेत."

"मागच्या खेपेलाही कोंबड्याच होत्या."

"कोंबड्या घेऊन या मामी," भोजराज हलक्यानं म्हणाला. "मी पाहातो त्यायले. गिरणीतला कोंडा खातीन, फुकट."

कमला हातातल्या पदराची गाठ सोडत होती आणि पुन्हा मारत होती. "मी लहान नाही, माय. मले सांगून टाक. तुले माझ्यापाशी राहाचं नाही का? मागच्या खेपेला तू गेली, अन् मी..." ती थांबली. तिची मान खाली गेली. "मी कोणाले काही म्हटलं नाही. पण रोज मनात येते, माझी माय कोंबड्यांसाठी गेली."

सत्यभामेनं तोंड उघडलं. पारावरच्या प्रत्येक खड्ड्याला, दगडाला, बाभळीला तिच्याकडे शब्द होता. याला नव्हता. जो होता तो उच्चारला की मागे उभा असलेला माणूस या धुतल्या कपड्यांच्या लोकांसमोर पुरता उघडा पडणार होता. आणि नाही उच्चारला तर समोर बसलेली पोरगी हातची जाणार होती. तिनं लेकीच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवला. कमलानं तो हळूच बाजूला केला.

तेजरामनं कॅरिअरवरचा हात काढला.

तो दोन पावलं पुढे आला, चाचपत, पाय घासत. सडकेवरच्या ट्रकांच्या गोंगाटात त्याला आवाजाची दिशा लागली नव्हती; कमला मघाशी जिथे उभी होती त्या जागेसमोर तो थांबला. तिथे आता कोणी नव्हतं. "कमला," तो त्या जागेला म्हणाला.

भोजराजनं खाली पाहिलं. फिरायला आलेला एक म्हातारा चालता चालता थबकला आणि मग भराभर पुढे निघून गेला.

"मी इकडे हाये बाबा," कमला कठड्यावरून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

तेजराम आवाजाकडे वळला. त्यानं हात पुढे केला नाही. दोन्ही हातांनी त्यानं आपल्या शर्टाचा खालचा काठ धरला, जिथे शिवण जरा वाकडी होती.

"तुझी माय राहाते इथं," तो म्हणाला. "कोंबड्या-बिंबड्या काही नाही. मागच्या खेपेला ती माझ्यासाठी गेलती. मले दिसत नाही, बाई. लय दिवसांपासून दिसत नाही. रस्ता तुझी माय पाहाते. मी निस्ता पायडल मारतो."